पहिला धडा आवाजाचा

पहाटे पाच-साडेपाचला यवतमाळचे नेहरू स्टेडियम असो, पुसद-उमरखेडकडच्या एखाद्या कॉलेजचे पटांगण असो की आर्णीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याची कडा असो, अलीकडे एक दृश्य हटकून नजरेस पडते. ओढणी कमरेला घट्ट आवळून आणि पायात स्वस्तातले कॅनव्हासचे बूट घालून मुली पळत असतात. कुणाचा भाऊ मोबाइलवर वेळ लावून उभा असतो, कुणाचे वडील फाटकाशी मोटारसायकलवर बसून पेंगत असतात. बहुतेकींच्या डोक्यात पोलीस भरती असते. तिथले आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा यांचे गणित त्यांना तोंडपाठ असते. खाकी वर्दीतली पोरगी आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही.

नवल आहे ते दुसऱ्या वर्दीचे. या पळणाऱ्यांपैकी काही जणी आता लष्करासाठी पळतात. लष्करी पोलीस दलात शिपाई म्हणून जायचे तर मुलीची उंची १६२ सेंटिमीटर हवी, दहावीला ४५ टक्के गुण हवेत, १.६ किलोमीटर अंतर साडेसात, फार तर आठ मिनिटांत कापता आले पाहिजे. शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. डॉक्टर आणि परिचारिका म्हणून बायका सैन्यात फार पूर्वीपासून होत्या. १९९२ पासून इतर शाखांत अधिकारी म्हणूनही घेतल्या जाऊ लागल्या. पण साध्या शिपायाच्या पायरीवर पाऊल ठेवायला त्यांना २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पहिल्या शंभर जागा निघाल्या आणि अर्ज दोन लाखांच्या घरात गेले. बंगळूरच्या केंद्रात एकसष्ट आठवड्यांचे प्रशिक्षण पुरे करून त्यातल्या ८३ जणी ८ मे २०२१ रोजी रीतसर शिपाई झाल्या. २०२२ नंतर ही भरती अग्निवीर योजनेखाली होऊ लागली.

एखाद्या घरात अशी निवड झाली की शेजारीपाजारी जे प्रश्न विचारतात ते सगळे बंदुकीभोवती फिरतात. पोरीच्या हातात बंदूक? तिला पेलवेल का? उद्या सीमेवर पाठवले तर? वर्तमानपत्रातही फोटो येतो तो रायफल घेतलेल्या मुलीचाच. पण या विषयाची चौकशी करताना माझ्या लक्षात आले ते असे की बंदूक बरीच नंतर येते. पहिले काही आठवडे मुलीला जे शिकवले जाते, ते वेगळेच असते. आणि त्यातले बरेचसे शिकायला खरे तर बंगळूरला जाण्याची गरज पडू नये. ते तिला इथे, घरीच मिळायला हवे होते.

मला हे कळले ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलीकडून. तिचे नाव-गाव लिहिणार नाही. तिलाही ते नको आहे. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तुरीच्या ओळी. तिच्या वडिलांना मी नोकरीत असल्यापासून ओळखते, कारण त्यांचे पीककर्ज वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून गेलेले. प्रशिक्षण संपवून पहिल्या रजेवर आली तेव्हा ते तिला घेऊन माझ्याकडे आले. त्यांना विचारायचे होते पैशांचे, मला ऐकायचे होते पहिल्या दिवसांचे. चहा झाला, पोहे झाले, आणि मग ती हळूहळू बोलती झाली.

पहिल्या दिवशी एक लोखंडी ट्रंक मिळाली आणि एक नंबर मिळाला. ट्रंकेवर नंबर रंगवायचा, कपड्यांवर नंबर, मगावर नंबर. अमक्याची मुलगी, तमक्याची नात, मधल्या आळीतली, ही सगळी ओळख फाटकाबाहेर राहिली. बराकीत ओळीने खाटा. चादरीला सुरकुती पडता कामा नये, बुटांची टोके एका रेषेत हवीत. शिट्टी वाजली की उठायचे, शिट्टी वाजली की पळायचे. आंघोळीला मोजून मिनिटे. अंगण झाडून, पाणी भरून, धाकट्या भावाचा डबा करून कॉलेजची बस गाठणाऱ्या मुलीला मिनिटांचा धाक नवा नव्हता. ती म्हणाली, ‘‘काकू, कामाचं काही वाटलं नाही. घरीबी तेवढंच होतं. वेगळं काय, तर तिथं माझा वेळ माझ्याच कामाले लागत होता.’’

आणि मग कवायत. सावधान, विश्राम, दाहिने मुड. सैन्यात शिकवणाऱ्या हवालदार-नायकांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी काही विचारले की छाती पुढे काढून उत्तर द्यायचे, ‘जी उस्ताद!’ हिने दिले. उस्तादांनी कानामागे हात धरला. हिने पुन्हा दिले. त्यांनी पुन्हा हात धरला. तिसऱ्यांदाही आवाज घशातच राहिला, तेव्हा सगळ्या तुकडीला मैदानाची एक फेरी पडली. सैन्यातल्या बोलीत या शिक्षेच्या पळापळीला ‘रगडा’ म्हणतात. ‘‘पळायचं दुःख नव्हतं,’’ ती म्हणाली, ‘‘ते तर मी वर्षभर पळतच होते. पण माझ्यापायी साऱ्या जणी पळाल्या, अन् आवाज काही निघेना. रात्री त्याचंच रडू आलं.’’

हे ऐकताना मी तिच्याकडे बघत राहिले. पाच फूट चार इंचांची, खांद्याने रुंद, विहिरीवरून दोन घागरी आणणारी धडधाकट पोरगी. तिच्या छातीत वारा कमी नव्हता. पण अठरा वर्षे तिची जी कवायत झाली होती ती उलटी होती. हळू बोल, बाहेर माणसे बसली आहेत. खिदळू नको. लोक काय म्हणतील. असा हुकूम घरात दिवसातून चार वेळा सुटत असेल, तर अठरा वर्षांत तो किती हजार वेळा सुटला याचा हिशेब कुणीही करावा. एवढी कवायत झालेले शरीर एका सकाळी कसे उलटे फिरेल? तिला दहा दिवस लागले. दहाव्या दिवशी आवाज फुटला तो असा की मैदानाच्या पलीकडच्या तुकडीने मान वळवून पाहिले. तिच्या शेजारची मणिपुरी मुलगी, जिला हिचे नाव नीट उच्चारता येत नव्हते आणि हिला तिचे, ती आनंदाने हसली म्हणून तिला वेगळी फेरी पडली.

दुसरा धडा ताटाचा. सैन्यातल्या भोजनघराला लंगर म्हणतात. तिथे रांगेत उभे राहायचे, ताट पुढे करायचे, आणि जेवढे लागते तेवढे घ्यायचे. ही पहिले काही दिवस दोन पोळ्या घेऊन बाजूला व्हायची. लाज नव्हती, सवय होती. घरात आधी बाप-भाऊ, मग आजी, मग आई आणि ही. भाजी उरली तर उरली, नाहीतर ठेच्यावर भागवायचे. उस्तादांनी ते पाहिले आणि ‘और लो’ म्हणून दरडावले. पोटभर जेवण्याचा हुकूम तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. रविवारी फोन लागला की आई पहिला प्रश्न विचारायची, ‘‘जेवली का वं माय?’’ आणि ही उत्तर द्यायची, ‘‘हाव. तू जेवली का?’’ पलीकडे जरा वेळ शांतता असायची, असे ती म्हणाली.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो वाढला. निम्म्याहून अधिक बायका अशक्त असलेल्या राज्यातून आपण मैलभर धावणाऱ्या मुलींची अपेक्षा करतो, आणि त्या धावतातही, याला काय म्हणावे?

मात्र या धावण्याची एक बाजू आईवडिलांनी नीट समजून घ्यायला हवी. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यांत मुली सर्वांत जास्त जायबंदी होतात त्या पायाच्या हाडांनी. शरीरावर एकदम भार वाढला की नडगीच्या, पावलाच्या किंवा खुब्याच्या हाडाला बारीक चीर जाते. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. जगभरच्या सैन्यांत मुलांपेक्षा मुलींमध्ये हे प्रमाण बरेच जास्त दिसते. १९९८ साली ब्रिटिश लष्कराने स्त्री-पुरुषांना अगदी एकाच मापाचे प्रशिक्षण लावले, तेव्हा अशा दुखापतींमुळे सैन्य सोडावे लागलेल्या मुलींचे प्रमाण दुपटीहून वाढले आणि पुढे ती पद्धत बदलावी लागली. उंच पुरुषाच्या ढांगेला ढांग मिळवत मैलोगणती चालले की बुटक्या माणसाच्या खुब्यावर ताण येणारच. त्यात बाई-पुरुषाच्या कर्तबगारीचा प्रश्न नाही, साधा मापाचा प्रश्न आहे. ज्या मुली घरून उपाशीतापाशी येतात, ज्यांच्या अंगात लोह आणि चुना कमी असतो, अतिश्रमाने ज्यांची पाळी चुकते, त्यांची हाडे आधी कुरकुरतात. म्हणून भरतीच्या महिनाभर आधी पळायला लागणे धोक्याचे. चार-सहा महिने आधीपासून अंतर थोडे थोडे वाढवावे, रक्ताची तपासणी करून घ्यावी, बूट मापाचे घ्यावेत. आणि मुलीच्या ताटात डाळ, दूध, अंडे चालत असेल तर अंडे, नाहीतर भाजलेले शेंगदाणे आणि चणे रोज पडावेत. यात फार खर्च नाही. फक्त तिचे ताट आधी वाढावे लागते.

आता कुणी म्हणेल, आणि म्हणायलाही हवे, की सैन्यातही शेवटी हुकूमच पाळायचा ना? घरात बापाचा, तिथे उस्तादाचा. ‘जी उस्ताद’ मोठ्याने म्हटले काय आणि ‘हो बाबा’ हळू म्हटले काय, मान खालीच की. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. सैन्य म्हणजे काही मुक्तीचा आश्रम नव्हे. तिथे प्रश्न विचारायला जागा कमी, थकायला त्याहून कमी.

तरीही एक फरक आहे, आणि तो मला माझ्या नोकरीने शिकवला. मी ऐंशीच्या दशकात बँकेत लागले तेव्हा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत मी एकटीच बाई होते. पहिले कित्येक दिवस माझ्या खिडकीसमोरची रांग रिकामी आणि शेजारच्या खिडकीसमोर झुंबड. बाईच्या हातून मोजलेल्या नोटा बरोबर असतील की नाही, अशी शंका लोकांना येई. एका वरिष्ठांनी तर मला रोख विभागाऐवजी पत्रे फाइलला लावण्याचे काम देऊन पाहिले. पण बँकेत एक जाडजूड नियमांचे पुस्तक असते. रोखपालाने काय करावे हे त्यात लिहिलेले होते. रोखपाल बाई असेल तर काय करावे हे लिहिलेले नव्हते. त्या न लिहिलेल्या ओळीवर मी तीन दशके नोकरी केली. घरातला नियम लिहिलेला नसतो. तो माणसागणिक बदलतो, मुलासाठी एक आणि मुलीसाठी दुसरा असतो, आणि कुठे दाद मागावी ते कळत नाही. छावणीतला नियम कठोर असेल, पण तो फलकावर लावलेला असतो. सातला म्हणजे सातला, सर्वांना म्हणजे सर्वांना. आणि चार तारखेचा असो की महिन्याच्या ‘त्या’ चार दिवसांतला असो, दिवस सर्वांचा सारखाच उजाडतो; कुणी कुणाला कोपऱ्यात बसवत नाही. पोट दुखले तर डॉक्टरकडे जाता येते. विटाळ म्हणून ताटावरून उठवले जात नाही.

बायकांनी कवायत करण्याची गोष्ट आपल्या देशात काही आजची नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये सिंगापूरला आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पलटणीची छावणी उघडली. तिचे नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांच्याकडे होते. पलटणीचे नाव आपल्या तांब्यांच्या मनूचे, पण तिच्यात भरती झालेल्या मुली बहुतांशी मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तामिळ मजुरांच्या. त्यातल्या कित्येकींनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. मळ्यावरच्या मुकादमापुढे मान खाली घालण्याची सवय असलेल्या त्या मुली पहाटे उठून कवायत करू लागल्या, रायफल चालवायला शिकल्या, पाठीवर ओझे घेऊन मैलोगणती चालल्या. मायदेशाच्या स्वातंत्र्यासाठी त्या गेल्या हे खरेच; पण मळ्यावरून छावणीत येताच त्यांचे स्वतःचेही काहीतरी सुटले असेल, असे मला नेहमी वाटते.

स्वतंत्र भारताच्या सैन्याला मात्र त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे लागली. १९९२ साली मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत पंचवीस मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मार्च १९९३ मध्ये त्या अधिकारी होऊन बाहेर पडल्या. त्यांना नोकरी दिली होती पाच वर्षांची. पाचाची पुढे दहा झाली, दहाची चौदा. कायमच्या नोकरीचा हक्क मिळवायला त्यांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी निकाल लागला. त्या खटल्यात सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद असा झाला होता की सैन्यातले जवान बहुतेक खेड्यांतून येतात आणि बाईचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची तयारी झालेली नाही. न्यायालयाने तो मानला नाही. पण मला त्या युक्तिवादाचा राग आला तो खेड्याच्या वतीने. ज्या खेड्यांत नवरा गेल्यावर शेत, कर्ज आणि पोरे एकटीने सांभाळणाऱ्या बायका आहेत, आणि आपल्या जिल्ह्याने तर अशा किती पाहिल्या, त्या खेड्यातल्या माणसाला बाईचा हुकूम माहीत नाही असे कोण म्हणेल? सोयाबीनचे पोते कधी विकायचे, मजुरांना किती द्यायचे, हे तीच ठरवते. फक्त आवाज हळू असतो.

साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात लढताना गेले. दोन मुलांची आई असलेल्या या बाईंनी वयाची अट शिथिल करून घेतली, परीक्षा दिली, चेन्नईला निम्म्या वयाच्या मुलींबरोबर अकरा महिने घाम गाळला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. आणि पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी? तिची दारे मुलींना उघडायला ऑगस्ट २०२१ मधला सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश लागला. २०२२ साली तिथे पहिल्या एकोणीस मुलींना जागा मिळाली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली तीनशेहून अधिक मुलांबरोबर संचलन करत बाहेर पडल्या. प्रत्येक वेळी दार उघडण्यापूर्वी तेच सांगितले गेले होते की हे जमणार नाही, आणि प्रत्येक वेळी पहिल्या काही आठवड्यांत त्याचे उत्तर मिळाले.

आता येते ती तिच्या वडिलांच्या प्रश्नाकडे, कारण खरी मेख तिथेच आहे. ते म्हणाले, ‘‘मॅडम, चार वर्सानं किती भेटते ते जरा समजून सांगा.’’

हिशेब सोपा आहे. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना तीस हजार रुपये मिळतात. त्यातले तीस टक्के, म्हणजे नऊ हजार, सेवानिधीत जातात आणि एकवीस हजार हातात येतात. पगार पुढे तेहेतीस, साडेछत्तीस आणि चाळीस हजार होतो, तशी कपातही वाढते. चार वर्षांची कपात होते पाच लाख दोन हजारांच्या आसपास. तेवढीच रक्कम सरकार घालते. एकूण दहा लाख चार हजार, आणि व्याज धरून सुमारे अकरा लाख एकाहत्तर हजार. त्यावर प्राप्तिकर नाही. मात्र निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटीही नाही. आणि चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच उमेदवार कायम घेतले जातात. म्हणजे चारांतल्या तिघी घरी परतणार.

वडिलांनी आकडा ऐकला, बोटांवर काहीतरी मोजले आणि समाधानाने म्हणाले, ‘‘मंग लग्नाचं भागून जाईन.’’

मुलगी काही बोलली नाही. कपबशीकडे बघत बसली. तेवढ्या वेळापुरती ती पुन्हा अठरा वर्षांची जुनी झाली.

मी त्यांना म्हटले, ‘‘भाऊ, तुम्ही माझ्याकडून कर्ज घेतलं, तेव्हा त्या पैशातून तुमच्या चुलतभावाचं लग्न करा असं मी म्हटलं असतं तर?’’ ते हसले. ‘‘पीककर्ज पिकाले लागते मॅडम,’’ म्हणाले. ‘‘मग हिचा पैसा हिच्या पिकाला लागू द्या,’’ मी म्हटले. माणूस वाईट नाही. पहाटे साडेचारला उठून वर्षभर त्यानेच तिला मैदानावर नेले होते. बैल विकून घेतलेल्या मोटारसायकलवर. पण मुलीचा पैसा म्हणजे लग्नाचा पैसा ही त्याचीही जुनीच कवायत होती.

माझ्या मते अग्निवीर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी तीन गोष्टी आधीच ठरायला हव्यात. एक, पगाराचे खाते तिच्या एकटीच्या नावाचे हवे. घरी पाठवायचे ते तिने आपल्या हाताने पाठवावे, आणि एटीएम कार्ड व त्याचा नंबर तिच्याजवळच असावा. दोन, सेवानिधीचा विनियोग पंचविशीच्या आत ती ठरवेल: पदवी, एखादा व्यवसाय, शेतातली विहीर किंवा तिला हवे असेल तर घर. लग्नालाच लावायचे असेल तर तेही तिने ठरवावे. तीन, चार वर्षांच्या काळात तिने पुढचे शिक्षण बाहेरून चालू ठेवावे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी दहा टक्के जागांची घोषणा २०२२ सालीच झाली होती. परत येणाऱ्या मुलीने त्या परीक्षेलाही तयार असावे.

पण पैशांपेक्षा मोठा हिशेब दुसरा आहे. १९९३ सालच्या मुलींना पाच वर्षांची मुदत होती आणि त्यांनी ती कोर्टात जाऊन वाढवून घेतली. या मुलींची मुदत चार वर्षांची आहे. त्यातल्या बहुतेक आपल्या गावात, आपल्या घरात परत येतील. मोठ्याने बोलण्याची, पोटभर जेवण्याची, वेळेवर झोपण्याची, सातला म्हणजे सातला पोचण्याची आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून उत्तर देण्याची सवय घेऊन येतील. तेव्हा त्यांच्यासाठी काय वाढून ठेवलेले असेल? पुन्हा शेवटचे ताट? पुन्हा ‘हळू बोल’? सरकारने एका मुलीवर इतके आठवडे खर्ची घालून जे शिकवले, ते आपण आठ दिवसांच्या पाहुणचारात पुसून टाकणार असू, तर त्या खर्चाला काय अर्थ राहिला? तिची कवायत झाली. घराची व्हायची आहे. त्याला ना मैदान लागते ना उस्ताद. जेवायला सगळ्यांनी एका वेळी बसणे, मुलीला बोलताना मधेच न तोडणे, तिच्या नावाचे पाकीट तिनेच फोडणे, एवढ्यावर सुरुवात होते. आणि जिची मुलगी कधी सैन्यात जाणार नाही, अशा घरालाही यातले काहीच परवडणार नाही असे नाही.

रजेतली एक हकीकत मुलीने निघताना सांगितली. घरी पाहुणे आले होते. ही खुर्चीवर बसून बंगळूरचे सांगत होती, आणि सवयीने आवाज चढला. आत्याने आतून डोळे वटारले, ‘‘हळू बोल ना वं, माणसं बसलेत.’’ बैठकीत एकदम शांतता झाली. तेव्हा कोपऱ्यातल्या बाजेवरून तिची आजी म्हणाली, ‘‘बोलू दे तिले. इतक्या वर्सांत या घरातल्या पोट्टीचं बोलनं मले आज धड आयकू आलं.’’